खेळात आरक्षण नाही म्हणता, मग संघ निवडतं कोण?

आरक्षणावर चर्चा सुरू झाली की एक टोमणा हमखास कानावर येतो. "मग खेळातही आरक्षण द्या ना! अकरामध्ये इतके एससी, इतके ओबीसी घ्या, आणि बघा देश कसा हरतो ते." कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर, सगळीकडे हेच. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही पाहतो की या टोमण्यापुढे आपली वाचणारी, बोलणारी पोरंही गप्प होतात. कारण त्यांनाही कुठेतरी वाटतं की निदान मैदानावर तरी निखळ गुणवत्ताच चालते.

या टोमण्याला राग हे उत्तर नाही. त्याला इतिहासाने उत्तर द्यावं लागेल. त्यासाठी आम्ही मुद्दाम ब्राझीलचा फुटबॉल निवडला आहे. पाच वेळा विश्वचषक जिंकलेला हा देश. "बघा, तिथे काळे-गोरे एकत्र खेळतात, तिथे कुठे आरक्षण आहे?" असं ज्याच्याबद्दल सांगितलं जातं, तोच देश. तिथे निर्णायक सामन्याआधी अकरा नावं कशी ठरत होती ते पाहू.

ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १८८८ साली. संपूर्ण अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. त्यानंतर काही वर्षांतच फुटबॉल तिथे रुजला तो श्रीमंत गोऱ्यांच्या क्लबांमधून. क्लबचं सभासदत्व म्हणजे खानदान. आर्थर फ्रीडेनराइश हा त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू. बाप जर्मन वंशाचा, आई काळी. सामन्याआधी तो आपले कुरळे केस सरळ करत बसायचा असं सांगतात. १९१९ च्या दक्षिण अमेरिकन स्पर्धेत उरुग्वेविरुद्धचा विजयी गोल त्यानेच मारला आणि देशाने त्याला डोक्यावर घेतलं.

पुढच्याच वर्षी अर्जेंटिनातल्या एका वृत्तपत्राने ब्राझीलच्या खेळाडूंना माकडं म्हणून हिणवलं. अपमान झाला तर अपमान करणाऱ्याला जाब विचारायचा की अपमानित माणसालाच संघातून काढायचं? १९२१ ची स्पर्धा अर्जेंटिनात होती. तिथे काळे-सावळे खेळाडू पाठवू नयेत अशी राष्ट्राध्यक्ष एपितासिओ पेसोआ यांची इच्छा असल्याचं तेव्हा गाजलं. काळे लेखक लिमा बारेतो यांनी त्यावर जळजळीत लिहिलं. फ्रीडेनराइश त्या संघात नव्हता. स्पर्धा अर्जेंटिनाने जिंकली. आता सांगा, तो संघ 'मेरिट'वर निवडला होता का? तिथे आरक्षण होतं, फक्त ते गोऱ्यांसाठी होतं. त्याला आरक्षण म्हणायची पद्धत नव्हती, एवढंच.

१९२३ साली रिओच्या अव्वल गटात नव्यानेच आलेल्या वास्को द गामा या क्लबने काळे, मिश्रवर्णी आणि कष्टकरी खेळाडू घेऊन अजिंक्यपद पटकावलं. मोठे क्लब हादरले. त्यांनी १९२४ साली स्वतःची वेगळी लीग काढली आणि वास्कोला अट घातली की तुमचे बारा खेळाडू काढा, मग या. काळे आहेत म्हणून काढा, असं कुणी म्हटलं नाही. खेळाडूचा व्यवसाय 'प्रतिष्ठित' हवा, त्याला लिहिता-वाचता यायला हवं, क्लबला चांगलं मैदान हवं, असे निकष पुढे केले. ओळखीचं वाटतं ना? दार बंद करायचं असेल तेव्हा निकषांची भाषा नेहमी इतकीच सभ्य असते.

वास्कोचे अध्यक्ष जुझे आउगुस्तु प्रेस्तेस यांनी ७ एप्रिल १९२४ रोजी पत्र लिहून कळवलं की या बारा जणांचा बळी देऊन आम्हाला तुमच्या लीगमध्ये यायचं नाही. पुढच्या वर्षी लीगला वास्कोला आत घ्यावं लागलं. मैदान नाही म्हणता? तेही १९२७ मध्ये त्यांनी सभासदांच्या वर्गणीतून उभं केलं. ज्या १९२४ साली हे पत्र गेलं, त्याच साली मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण दार बंद करणाऱ्यांची जात जगभर एकच होती.

पुढे काळे खेळाडू राष्ट्रीय संघात आले. मग प्रश्न संपला का? नाही. प्रश्न फक्त जागा बदलतो.

१६ जुलै १९५०. माराकाना मैदान. विश्वचषकाचा अखेरचा सामना, उरुग्वेविरुद्ध. त्या वर्षी साखळी पद्धत होती, बरोबरीही ब्राझीलला पुरली असती. ब्राझील १-२ हरला. अकरा जण हरले होते, पण खापर फुटलं ते मुख्यतः गोलरक्षक बार्बोझा, बिगोदे आणि जुवेनाल या तीन काळ्या खेळाडूंच्या डोक्यावर. बार्बोझा २००० साली वारला, तोवर त्याला तो गोल माफ झाला नाही. ब्राझीलमध्ये सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची, मी मात्र पन्नास वर्षं भोगतोय, अशी त्याची खंत होती. काळ्या माणसाने गोल राखू नये हा समज त्यानंतर मुरला. १९६६ मध्ये मांगाला एक सामना मिळाला. विश्वचषकात पहिल्या पसंतीचा काळा गोलरक्षक दिसायला २००६ साल उजाडावं लागलं, आणि तो होता दीदा. एक सवर्ण अधिकारी चुकला तर तो एकटा चुकतो. आपला एक जण चुकला की सगळी जमात नालायक ठरते. हा नियम आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

१९५४ ला बाद फेरीत हंगेरीने ब्राझीलला ४-२ ने हरवलं. पथकप्रमुख जुआंव लिरा फिल्यो यांच्या अहवालात पराभवाचं कारण खेळाडूंच्या मिश्र रक्तात आणि त्यातून येणाऱ्या भावनिक अस्थिरतेत शोधलं गेलं. या पार्श्वभूमीवर संघ १९५८ ला स्वीडनला गेला. सोबत मानसशास्त्रज्ञ होते, चाचण्या होत्या. चाचणीचा निष्कर्ष असा निघाला की सतरा वर्षांचा पेले बालिश आहे, आणि गारिंचाही मोठ्या सामन्यांच्या लायक नाही.

पहिल्या सामन्यात ऑस्ट्रियाविरुद्ध उतरलेल्या अकरांमध्ये उठून दिसणारा काळा खेळाडू एकटा दीदी होता. इथे आपण प्रामाणिक राहिलं पाहिजे. पेलेचा गुडघा दुखावलेला होता, तेव्हा त्याच्या बाहेर बसण्याचं सगळं कारण वर्ण होतं असं म्हणणं खोटं ठरेल. गारिंचावर तर स्पर्धेआधीच्या एका सामन्यात उगाच नखरे केल्याचा राग होता. पण चाचणीचा कागद या दोघांविरुद्ध तयार होता, आणि तो वापरायचा की बाजूला ठेवायचा हे एका माणसाच्या हातात होतं.

इंग्लंडशी ०-० बरोबरी झाली. सोव्हिएत संघाविरुद्ध हरलो तर परतीची वाट, अशी टांगती तलवार. तेव्हा विश्वचषकात बदली खेळाडू नव्हते, ती मुभा १९७० ला आली. म्हणजे एकदा अकरा ठरले की ठरले. प्रशिक्षक फिओला यांनी मानसशास्त्रज्ञाचा कागद बाजूला ठेवला आणि १५ जूनला गारिंचा आणि पेले दोघांनाही उतरवलं. सुरुवातीच्या काही मिनिटांतच दोघांचे फटके गोलखांबावर आदळले, वावाने गोल केला, सामना २-० ने खिशात. उपांत्यपूर्व फेरीत वेल्सविरुद्धचा एकमेव गोल त्या 'बालिश' पेलेचा. उपांत्य फेरीत फ्रान्सविरुद्ध त्याचे तीन गोल. अंतिम सामन्याला बचावपटू दे सोर्दी जखमी, म्हणून काळ्या जाल्मा सांतोसला संधी मिळाली. तो स्पर्धेत एकच सामना खेळला आणि तरीही त्याच्या जागेवरचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तोवर पाच सामने त्याची गुणवत्ता कुठे गेली होती? ती होतीच, बाकावर बसून. गुणवत्ता नसते असं नाही, तिला उतरवणारा लागतो.

आणि उतरवणारा कोण? ब्राझीलला विश्वविजेते करणारे प्रशिक्षक मोजा. फिओला, आयमोरे मोरेरा, झागालो, परेरा, स्कोलारी. पाचही गोरे. १९५८ च्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू दीदी प्रशिक्षक म्हणून विश्वचषकात पोहोचला तो १९७० ला, पण पेरूचा संघ घेऊन. मैदान काळ्यांचं, यादी करणारी खुर्ची गोऱ्यांची.

आजही फार बदललेलं नाही. ११ जुलै २०२१, युरो स्पर्धेचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध इटली. पेनल्टी मारण्यासाठी म्हणून प्रशिक्षक साउथगेट यांनी रॅशफर्ड आणि सँचो यांना अगदी शेवटच्या क्षणी उतरवलं. निर्णायक पेनल्टी एकोणीस वर्षांच्या साकाला दिली. तिघांच्या पेनल्टी हुकल्या. निवड माझी होती, जबाबदारी माझी, असं साउथगेट यांनी जाहीरपणे सांगितलं. तरीही वंशद्वेषी शिव्या मिळाल्या त्या तीन काळ्या पोरांनाच.

आपल्याकडे पळवणकर बाळूंचं उदाहरण आहे. चांभार घरातला हा गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, पण हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२० मध्ये अन्यायाविरुद्ध विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे भाऊ संघाबाहेर पडले, तेव्हा कुठे १९२३ ला विठ्ठल कर्णधार झाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत याच बाळूंना काँग्रेसने उभं केलं, बाबासाहेबांच्या विरोधात. बाबासाहेब जिंकले. बाळूंना दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. आपला माणूस कुठे आणि कशासाठी वापरायचा हेही निवडणाराच ठरवतो, हे दाखवण्यासाठी सांगतोय. १९३२ ला स्वतंत्र मतदारसंघाचा आग्रह बाबासाहेबांनी याचसाठी धरला होता. आमचा प्रतिनिधी असावा एवढंच त्यांचं म्हणणं नव्हतं. तो आम्ही निवडलेला असावा, हे म्हणणं होतं. पुणे करारात जागा मिळाल्या, पण शेवटची निवड पुन्हा बहुसंख्याकांच्या मतावर गेली.

म्हणून पुढच्या वेळी कुणी "खेळात आरक्षण द्या ना" म्हणालं की गप्प बसू नका. १९२१ चा संघ सांगा, वास्कोचं पत्र सांगा, पेलेची चाचणी सांगा. आणि मग स्वतःच्या लढ्याकडे या. विद्यापीठातली राखीव जागा 'योग्य उमेदवार आढळला नाही' असा शेरा मारून रिकामी ठेवली जाते, तेव्हा तो शेरा म्हणजे पेलेवरचाच शेरा असतो. फक्त तिथे कागद बाजूला ठेवणारा कुणी नसतो. मुलाखतीच्या समितीत कोण होतं, आपल्या प्रवर्गाचा सदस्य होता का, लेखी गुण किती आणि तोंडी किती, हे माहिती अधिकारात मागा. अकरामध्ये जागा मागणं ही लढाईची सुरुवात आहे. अकरा जणांची यादी ज्या टेबलावर होते, त्या टेबलाशी खुर्ची मिळवल्याशिवाय ती संपत नाही.

जय भीम!