पोवळे: पालवी की प्राणी?

आजीच्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांच्या मधोमध एक लालबुंद पोवळे असे. लहानपणी मला ते लाल मिरचीचा तुकडाच वाटायचे.

‘पोवळे’ आले संस्कृत ‘प्रवाल’वरून. वाटेत ‘र’ गळाला, ‘ल’चा ‘ळ’ झाला. गुजरातीत ते ‘परवाळुं’ आहे, कन्नडात ‘हवळ’. पण गंमत मुळाशी आहे: संस्कृतात ‘प्रवाल’ म्हणजे कोवळी पालवीसुद्धा. आंब्याची तांबूस पालवी डोळ्यांपुढे आणा, रंगाचे नाते लगेच पटेल. पोवळ्याचे दुसरे नाव ‘विद्रुम’. त्यातही ‘द्रुम’ म्हणजे झाड आहेच. समुद्रातून फांद्या फुटलेली लाल वस्तू वर आली, तर माणूस तिला झाडच म्हणणार!

युरोपही त्याच समजुतीत होता. १७२०च्या दशकात मार्सेयच्या पेसोनेल या डॉक्टरने सांगितले, की पोवळ्यावर दिसणारी पांढरी ‘फुले’ म्हणजे चिमुकले प्राणी आहेत. विद्वानांना ते पटायला बरीच वर्षे लागली. प्रत्येक ‘फुला’ला आठ पाकळ्या दिसतात, त्या खरे तर भक्ष्य पकडणारे हात. आपण गळ्यात घालतो तो या प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा, म्हणजे जवळजवळ चुनाच. तरी पत्रिका बघणारे त्याला बिनदिक्कत ‘खडा’ म्हणतात.

चुना आंबटापुढे टिकत नाही. तेव्हा घरात पोवळ्याची माळ असेल, तर ती लिंबाने किंवा चिंचेने उजळायला जाऊ नका.