पिंजाऱ्याची कमान आणि जिन्याखालची गादी

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक गादी दोन महिने पडून होती. ती माझी होती. आठ वर्षांपूर्वी मोबाईलवरून मागवलेली फोमची गादी मधोमध खचली, पाठ धरू लागली, म्हणून मी ती खाली नेऊन ठेवली. सकाळी घंटागाडीवरच्या ताई म्हणाल्या, “दादा, ही कशात घालू? ओल्यात का सुक्यात?” माझ्याकडे उत्तर नव्हते. भंगारवाल्याने हात लावून पाहिला आणि नुसती मान हलवली. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला : ‘ही कोणाची?’ मी दोन दिवस गप्प बसलो.

गप्प बसण्याचे कारण वेगळे होते. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जात लिहिलेली आहे : पिंजारी. गाद्या भरणाऱ्यांच्या घरात जन्मलेल्या माणसाला आपल्या गादीचे काय करायचे ते कळेना!

आमचे घर मूळचे बार्शीचे. बार्शी ही कापसाची जुनी पेठ. १८९७ साली तिथे छोटी रेल्वे आली ती या व्यापारासाठीच. दादा, म्हणजे माझे आजोबा, खांद्यावर कमान घेऊन आसपासच्या खेड्यांतून फिरत. माणसापेक्षा लांब लाकडी कमान, तिला जनावराच्या आतड्याची ताणलेली तात आणि तातेवर मारायचा लाकडी दस्ता, एवढाच त्यांचा कारखाना. दिवाळीनंतर आणि लग्नसराईच्या आधी काम जास्त असे. अंगणात चादर अंथरायची, जुन्या गादीची शिवण उसवायची, दगडासारखा झालेला कापूस उन्हात टाकायचा. मग ताणलेली तात त्या ढिगात धरून तिच्यावर दस्त्याचा घाव. तात थरथरली की कापसाचे गठ्ठे सुटत, धूळ आणि कचरा खाली पडे आणि तंतू वर उडून मोकळे होत. दुपारपर्यंत मूठभर दिसणाऱ्या कापसाचा डोंगर होई. तोच कापूस परत खोळीत भरून दादा दाभणाने टाके घालत. दादी नेहमी म्हणायची, “रुई कू धूप दिखाव, वो फिर जी उठती.”

या घरात फेकून देण्यासारखे फार काही उरत नसे. गादी जुनी झाली की पिंजून पुन्हा गादी. कापसाचे तंतू आखूड झाले, गादीला पुरेनासे झाले की त्याच्या उशा. उशीतूनही उतरला की चुलीच्या भांड्याला धरायचा बोळा, कंदिलाची काच पुसायचा बोळा. गादीपाट विरला की त्याचे तुकडे दादी वाकळीत जोडी. शेवटी जे राही ते उकिरड्यावर जाऊन मातीच होई. आज ज्याला ‘झिरो वेस्ट’ म्हणतात त्याला आमच्या घरात नाव नव्हते. ती गरिबी होती आणि ते कौशल्यही होते. दोन्ही एकत्रच होते, म्हणून त्यातले एक काढून दुसऱ्याचे कौतुक करायला मी कचरतो.

कारण मला दादांचा खोकलाही आठवतो. कापसाची बारीक धूळ आयुष्यभर छातीत गेल्याने होणाऱ्या आजाराला वैद्यकशास्त्रात बिसिनोसिस म्हणतात. आमच्याकडे त्याला ‘दमा’ म्हणत आणि गूळ खायला देत.

आता थोडे इतिहासाकडे. पिंजाऱ्याचे काम हलके मानले गेले, पण त्याची नावे मोठी आहेत. ‘नदाफ’ हा शब्द अरबी आहे, अर्थ कापूस पिंजणारा. ‘हल्लाज’ या अरबी शब्दाचा अर्थही कापूस पिंजणारा असाच. ‘अनलहक’ म्हणणारा आणि त्यासाठी इसवी सन ९२२ मध्ये बगदादमध्ये ठार केला गेलेला सूफी मन्सूर अल-हल्लाज याच्या नावातच हा धंदा आहे. उत्तर आणि मध्य भारतातले पिंजारी स्वतःला ‘मन्सुरी’ म्हणवतात ते त्याच्याशी नाते सांगूनच. सोळाव्या शतकातले संत दादू दयाल हेही कापूस पिंजणाऱ्यांच्या घरातले, असे परंपरा सांगते. सूत विणणारा कबीर आणि कापूस पिंजणारा दादू. जे हात माणसांना पांघरूण देत होते, त्याच हातांच्या घरांतून ही वाणी आली.

इंग्रजी अमदानीतल्या नोंदी मात्र वेगळ्या सुरात बोलतात. १८८०च्या दशकात निघालेल्या मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटियरांत मुसलमानांच्या याद्या धंद्यांवरून केलेल्या आहेत. त्यांत कलईगर, शिकलगार, मणियार, मोमीन, पिंजारी अशी नावे सापडतात. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो ग्रंथ काढला, त्यात पिंजारी ‘बहना’ या नावाखाली येतात. त्यांच्या चालीरीती अर्ध्या हिंदू, अर्ध्या मुसलमान असल्याने लोक त्यांची थट्टा करतात, असे तिथे लिहिले आहे. लोकांची थंडी ज्याच्या भरवशावर निघत होती, त्याची कागदावरची ओळख ही!

ही यादी मी आज वेगळ्या नजरेने वाचतो. कलईगर काय करी? तांब्या-पितळेचे भांडे आत घासून तापवी, नवसागराची चिमूट टाकी आणि २३२ अंशांना वितळणारे कथील कापडाच्या बोळ्याने आतून फिरवी. आंबट पदार्थ कळकत नसे, भांडे आणखी काही महिने चाले. शिकलगार बोथट कात्रीला धार देई. रफूगर फाटलेल्या शेरवानीत धागा असा बसवी की फाटल्याचे कळू नये. चांभार, कासार, बुरूड, कुंभार हे आमचे हिंदू शेजारीही त्याच साखळीतले. हे सगळे छोटे धंदे होते आणि बहुतेकांचा पाया एकच होता : वस्तू टाकून न देणे. म्हणजे आपल्या घरांतला कचरा कमी ठेवण्याचे काम कित्येक पिढ्या ज्यांनी केले, ती माणसे बहुजन होती आणि त्यांत मुसलमान कारागिरांचा वाटा मोठा होता. पर्यावरणाच्या इतिहासात हे प्रकरण मला क्वचितच दिसते.

या कामाची किंमत ओळखल्याचे एक उदाहरण मात्र आहे. खादीच्या सुरुवातीच्या दिवसांत गांधीजींना चरखा सापडला, पण सूत कातायला पेळू हवेत आणि पेळूसाठी पिंजलेला कापूस हवा. गंगाबेन मजमुदार यांनी पिंजारी शोधून काढला. त्याने महिना ३५ रुपये किंवा त्याहून थोडे जास्तच मागितले. तेव्हाच्या मानाने ही रक्कम मोठी होती. गांधीजी आत्मकथेत सांगतात की त्यावेळी त्यांना कुठलीच किंमत जास्त वाटली नाही. त्या पिंजाऱ्याशिवाय खादीचे गाडे पुढे सरकत नव्हते, हे त्यांना ठाऊक होते.

आमच्या घरात हे गाडे उलट दिशेने गेले. आधी विजेवर चालणारे पिंजण यंत्र आले आणि एका तासात दादांचे दिवसभराचे काम करू लागले. मग फोम आला. पॉलियुरेथेन हा फोम १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या रसायनाचा. खनिज तेलापासून बनतो, हलका असतो, पिंजावा लागत नाही. पण एकदा खचला की उन्हात ठेवून जिवंत होत नाही, वितळवून नवा करता येत नाही आणि जाळला तर विषारी धूर सोडतो. अब्बा कारकून झाले. मला शाळेत घालताना आडनाव बदलावे का, यावर घरात बरीच चर्चा झाली होती. मुले ‘पिंजारी, पिंजारी’ म्हणून चिडवतील ही त्यांची भीती. १९९०च्या दशकात शब्बीर अन्सारी यांच्या मुस्लिम ओबीसी चळवळीने गावोगावी सभा घेतल्या, खुद्द दिलीपकुमार बागवान म्हणून त्या व्यासपीठांवर उभे राहिले, तेव्हा अब्बांची भीड थोडी चेपली. त्यांनी दाखला काढला. दाखल्यावर जात आली, पण तोवर धंदा गेला होता. दादांची कमान माळ्यावर होती. घराची डागडुजी करताना ती कुणी सरपणाला दिली, हे कुणीच कबूल करत नाही.

तर मी त्या गादीपाशी परत येतो. तिचे शेवटी काय झाले? एका सोफा दुरुस्त करणाऱ्या कारागिराने तिचे तुकडे करून गोण्यांत भरून नेले, आणि नेण्याचे पैसे घेतले. ते घेण्यासारखेच होते. मग मी जुन्या पेठेत पिंजारी शोधायला निघालो. मशिदीच्या मागच्या बोळात एक दुकान सापडले. पत्र्याची खोली, कापसाने पांढरे झालेले यंत्र, तोंडाला रुमाल बांधलेला साठीचा माणूस. अम्मी बरोबर होती. तिने गावाहून आणलेली दोन जुन्या गाद्यांची रुई पुढे ठेवली. चाचांनी चिमूट ओढून पाहिली आणि म्हणाले, “अच्छा माल है, आपा. इसमें थोडी नयी मिलानी पडेगी, बस.” पिंजाई, नवा गादीपाट आणि शिलाई मिळून त्यांनी अठराशे रुपये सांगितले. मी सवयीने म्हणालो, “पंधराशे करा, चाचा.”

चाचा काही बोलले नाहीत. अम्मीने माझ्याकडे पाहिले.

त्याच्या आदल्याच रविवारी मी एका प्रदर्शनात गेलो होतो. तिथे बांबूचे दातब्रश, घोसाळ्याच्या स्पंजाचे अंगघासणे, रिठ्याची पावडर, हाताने शिवलेल्या कापडी पिशव्या होत्या. एका स्टॉलवर ‘पारंपरिक कापसाची’ छोटी उशी चौदाशे रुपयांना होती. मी ती घेतली आणि एक शब्द न बोलता मोबाईलवरून पैसे दिले. त्या स्टॉलवरच्या बाईंना मी दोष देत नाही. त्याही छोट्या उद्योजक होत्या, त्यांची मेहनत खरी होती आणि असे धंदे चालायलाच हवेत. प्रश्न माझा आहे. चांगल्या वेष्टनातल्या उशीशी मी घासाघीस केली नाही. पूर्ण गादीला नवा जन्म देणाऱ्या, माझ्याच बिरादरीतल्या माणसाशी मात्र तीनशे रुपयांसाठी केली. अब्बांना आडनावाची जी लाज वाटत होती, तीच माझ्या त्या ‘पंधराशे करा’मध्ये बसलेली होती.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, देशभर २०२२च्या जुलैपासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. कायदे हवेतच. पण कायदा वस्तू थांबवतो, हात तयार करत नाही. मशिदीबाहेर मिस्वाक विकणारा पोऱ्या, गल्लीच्या तोंडाला शिवणयंत्र घेऊन बसणारी बाई, कलई करणारा शेवटचा म्हातारा, यांच्याकडे गिऱ्हाईक गेले तर ते टिकतील. आपण इस्राफबद्दल, म्हणजे उधळपट्टीबद्दल, जुम्म्याच्या बयानात ऐकतो. वाहत्या नदीकाठीही वजूचे पाणी बेताने वापरावे, ही शिकवण लहानपणापासून ठाऊक असते. पण उधळपट्टी फक्त पाण्याची आणि अन्नाची नसते. पिढ्यान्‌पिढ्या कमावलेले कसब टाकून देणे हीसुद्धा उधळपट्टीच.

गादी चौथ्या दिवशी तयार झाली. मी चाचांना अठराशे दिले. त्यांच्या मुलाबद्दल विचारले तर म्हणाले, तो घरोघरी पार्सल पोहोचवतो. बहुधा फोमच्या गाद्याही पोहोचवत असेल.

गादी आम्ही रिक्षाच्या टपावर बांधून आणली. ती जड आहे, उचलून उन्हात टाकताना कंबर दुखते. दर महिन्याला गच्चीवर नेतो. अम्मी खुर्ची टाकून शेजारी बसते आणि काठीने झोडायला सांगते. शेजारची मुले विचारतात, “काका, ही कोणत्या कंपनीची?” आता मी त्यांना चाचांच्या दुकानाचा पत्ता देतो, आणि माझे आडनावही सांगतो.