वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी: नेमका फरक काय?

शाळेत मी पेपरात लिहिलं होतं, 'वनस्पतींकडे हरितलवक असतं, म्हणून त्यांना तंतुकणिका लागत नाही.' मार्क गेले! बरेच जण अजूनही इथेच चुकतात. हरितलवक उन्हात ग्लुकोज बनवतं. त्या ग्लुकोजमधून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा, म्हणजे एटीपी, मुख्यतः तंतुकणिका तयार करते. ती दोन्हींत असते. रात्री ऊन कुठून आणणार?

डीएनए सांभाळणारं केंद्रक, आत-बाहेर काय जाईल ते ठरवणारं पेशीपटल, प्रथिनं बनवणारे रायबोझोम हेही दोन्हींकडे. वनस्पतींना जास्तीची मिळते ती सेल्युलोजची पेशीभित्तिका आणि मोठी रिक्तिका. रिक्तिकेतलं पाणी कमी झालं की कोथिंबीर मान टाकते.

आणि हो, कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवक शोधत बसू नका. तिथे ते नसतं.