शिट्टी जवळून आली की

अंजनगाव सुर्जीत जुन्या माणसाला साल विचारलं तर आकडा क्वचितच मिळायचा. ‘मोठ्या दुष्काळानंतर’, ‘गाडी यायच्या आधी’, ‘मिरुग कोरडा गेला त्या वर्षी’ अशी उत्तरं यायची. माझे आजोबा असेच बोलायचे. गावाचा इतिहास सांगायची खरी रीत हीच, असं मी आज मानतो.

पुस्तकातलं आमचं गाव ३० डिसेंबर १८०३ ला सुरू होतं आणि तिथेच संपतं. आडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि पंधरवड्यात दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांच्या वेलस्लीशी इथे तह झाला. आजोबांच्या तोंडून मी या तहाचं नाव ऐकलं नाही. त्यांचं बोलणं जमिनीपासून सुरू व्हायचं. काळी माती पावसात फुगते आणि वैशाखात पाय अडकेल एवढी फाटते. दक्षिणेला दर्यापूरकडे खारपाणपट्टा, तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. सातपुड्याच्या पायथ्याकडे मात्र गोडं पाणी. म्हणून आमच्याकडे पानमळे आणि पानपिंपळी.

या मातीत कापूस पिकला नसता तर गाडी आलीच नसती. अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर स्थिरावली. पुढे किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं अडीच फुटी रुळांची लाइन टाकली. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला गेला. दुसरा बनोसा, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला, ७६ किलोमीटर. हीच शकुंतला. तिचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरलाच घडलेलं. इथला कापूस तिकडे आणि तिकडचं इंजिन इथे, हा व्यवहार आजोबांना पक्का ठाऊक होता, आणि त्यात कोणाचं भलं झालं हेही.

पण सगळ्यात जास्त ते शिट्टीबद्दल सांगत. नवतप्यात दुपारी गाडी वेशीजवळ येईस्तोवर आवाज कळायचा नाही. जमीन तापली की आवाज वर उचलला जातो आणि विरतो. आभाळ भरून हवा सारखी झाली की पथ्रोटकडची शिट्टी अंगणात ऐकू यायची. आजी लगेच ओरडायची, “शिट्टी जवयून आली बाप्पा, कुटार झाका!” पाऊस येणार म्हणून घरातली पोरं कुटार, म्हणजे गुरांचा कोरडा चारा, झाकायला धावत सुटायची. हवामान खात्याचा अंदाज रेडिओवर यायच्या कितीतरी आधीची ही विद्या, आणि ती निव्वळ निरीक्षणातून आलेली होती. मला तिचा फार अभिमान वाटतो.

१५ एप्रिल १९९४ ला वाफेचं इंजिन थांबलं, डिझेल आलं. थोड्या कर्मचाऱ्यांवर गाडी चालू राहिली. गार्डच तिकीट द्यायचा. आता तीही बंद आहे. ब्रॉडगेजची मागणी जुनी, आणि ती माझीही आहे. मूर्तिजापूरला मोठी गाडी पकडायला निघालेल्या गरिबाला दुसरं स्वस्त साधन नव्हतं.

ब्रॉडगेज येईस्तोवर मी ऐंशीच्या पुढच्या माणसांकडे वही घेऊन बसतो. कोणी ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून आणि डोक्याला ओला दुपट्टा बांधून केलेला मे महिन्याचा प्रवास सांगतं, कोणी जिनातून आलेली कापसाची गठाणं. परवा दोघांचा वाद झाला: रुळाखालची माती खचली ती कोणत्या पावसाळ्यात. मी दोन्ही सालं लिहून घेतली.