अर्जनवीस ते केंद्रचालक

तहसील कचेरीच्या आवारात एके काळी अर्जनवीस बसायचे.  बुलढाणा जिल्ह्यातले मेहकर असो, चिखली असो की जळगाव जामोद, सातबारा, वारसनोंद किंवा उत्पन्नाच्या दाखल्याची वाट याच माणसाच्या बैठकीवरून जाई. तो अर्ज लिही, शेतकरी सही करी किंवा अंगठा उठवी आणि कागद घेऊन आत जाई. अर्जनवीसाला घरची हकीकत कळायची, पण ओळख पटवण्याचे साधन, म्हणजे सही किंवा अंगठा, मालकाजवळच राहायचे.

ते काम आज आपले सरकार सेवा केंद्राचा चालक करतो. त्याच्यापुढे मात्र शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट ठेवावी लागते, ती म्हणजे पासवर्ड. मग कधीतरी प्रश्न येतोच, “दादा, कालच तं सेव्ह केला होता, आज पुन्हा काऊन मांगते?”

हा बदल वीसेक वर्षांत झाला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावांतल्या मुलामुलींचे हात कीबोर्डवर बसवले. तहसीलच्या आवारात सेतू केंद्रे आली. केंद्र सरकारने २००६ मध्ये सामायिक सेवा केंद्रांची योजना मंजूर केली आणि २०१५ मध्ये राज्यात लोकसेवा हक्क कायदा आला. दाखले ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आणि अर्जाची वाट संकेतस्थळावर गेली.

खरा ताण दिसला तो २०१७ मध्ये. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेतून दीड लाखापर्यंतचे कर्ज माफ होणार होते आणि त्यासाठी अर्ज ऑनलाइन भरायचा होता. ऐन खरिपात शेतकरी सेवा केंद्रांपुढे रांगा लावून उभे राहिले. पुढे महाडीबीटी या संकेतस्थळावर शिष्यवृत्ती आणि शेती योजनांचे अर्ज आले. खाते शेतकऱ्याचे, ब्राउझर मात्र केंद्राचा, अशी विभागणी रुळली. पासवर्ड कुणाच्या तरी वहीत, नाहीतर त्या एका संगणकात.

पासवर्डचा जन्मही असाच सामायिक यंत्रावर झाला आहे. अमेरिकेतील एमआयटीत १९६१ मध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने एकाच संगणकावर अनेकांनी काम करण्याची व्यवस्था उभी केली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला पासवर्ड मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर या संशोधकाने संगणकाचा जास्त वेळ मिळावा म्हणून सगळ्यांच्या पासवर्डची फाइल छापून घेतली. १९६६ मध्ये तर एका चुकीने ती फाइल लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या पडद्यावर झळकली.

लक्षात ठेवण्याचे काम ब्राउझरकडे नंतर आले. नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकी तयार केली. कुकी पासवर्ड साठवत नाही, तुम्ही आत आलेले आहात एवढीच खूण ठेवते. पासवर्ड जपण्याची सोय निराळी आहे. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने १९९९ मध्ये रकाने आपोआप भरायला सुरुवात केली आणि त्याबरोबर संकेतस्थळांना ती सोय बंद ठेवण्याची मुभाही दिली. बँकांनी ती आवर्जून वापरली. म्हणजे बराच काळ ब्राउझर पासवर्ड साठवत नसे, तो संकेतस्थळाच्या सांगण्यावरून. लोक मग सोपे पासवर्ड ठेवू लागले किंवा कागदावर लिहू लागले, हे ब्राउझर बनवणाऱ्यांनी पाहिले. २०१३ ते २०१५ या काळात इंटरनेट एक्सप्लोरर ११, क्रोम ३४ आणि फायरफॉक्स ३८ यांनी लॉगिनच्या रकान्यांपुरती ती मनाई जुमानणे सोडून दिले.

आज पासवर्ड टिकत नसेल तर कारण बहुतेक वेळा यंत्राच्या मांडणीत सापडते. खासगी किंवा पाहुण्याच्या खिडकीत काम केले, तर ती बंद होताच कुकी पुसल्या जातात. पासवर्ड साठवायचा का, असे ब्राउझरने विचारल्यावर घाईत एकदा ‘कधीच नाही’वर बोट पडले, की ते संकेतस्थळ नकाराच्या यादीत जाते. सेटिंगमध्ये जाऊन ते तिथून काढेपर्यंत ब्राउझर पुन्हा विचारत नाही. सफाई करणारी सॉफ्टवेअर साठवलेली माहिती झाडून नेतात. विंडोज नव्याने टाकले तर क्रोमची जुनी फाइल परत ठेवूनही उपयोग होत नाही, कारण तिची किल्ली विंडोजच्या जुन्या खात्याशी बांधलेली असते. आणि जिथे दर वेळी ओटीपीच लागतो, तिथे साठवण्यासारखे काही नसतेच. पासवर्ड भरून येतो पण लॉगिन टिकत नाही, तर कुकीची सेटिंग पाहावी. पासवर्डच भरून येत नसेल, तर पासवर्डची.

घरच्या संगणकावर ही दुरुस्ती अवश्य करावी. सेवा केंद्राच्या संगणकावर मात्र पासवर्ड न साठणे हेच योग्य आहे. तिथे साठलेला पासवर्ड त्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाच्या हाती जातो, आणि त्यामागे कुणाचा तरी पीकविमा, कुणाची शिष्यवृत्ती असते. केंद्रचालकांनी फक्त आपले लॉगिन जपावे आणि नागरिकाचे काम संपताच त्याच्या खात्यातून बाहेर पडावे. शेतकऱ्यांनी खात्याला स्वतःचाच मोबाइल नंबर जोडावा, पासवर्ड स्वतःच्या हाताने टाकावा आणि ‘सेव्ह करायचा का?’ या प्रश्नाला तिथे नाही म्हणावे.