पुरुषद्वेषाचा आरोप : जुनाच डाव, नवा शब्द

तीन जानेवारी, आठ मार्च, चौदा एप्रिल आणि पंचवीस डिसेंबर. तासगाव परिसरातल्या आपल्या वस्त्यांमध्ये या चार दिवशी स्त्रीमुक्तीवर हमखास भाषण होते आणि भाषण संपल्यावर मागच्या रांगेतून एक वाक्यही हमखास येते : "हे सगळं ठीक आहे, पण आजकालचा स्त्रीवाद म्हणजे पुरुषांचा द्वेष." बोलणारा तरुण आंबेडकरी असतो, शिकलेला असतो, मनुस्मृती दहनाच्या दिवशी घोषणा देणारा असतो. म्हणून या वाक्याला चिडून उत्तर देण्यात अर्थ नाही. त्याचा इतिहास तपासला पाहिजे. हा आरोप कधी होतो, कोणावर होतो आणि त्यातून कोणाचे रक्षण होते, हे तीन प्रश्न घेऊन आम्ही हा लेख लिहीत आहोत.

सुरुवात आपल्याच मातीतून करू. ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. या प्रतिसरकारची न्यायदान मंडळे गावोगावी चालत. सावकारी, जमिनीचे तंटे, दरोडे यांबरोबरच बाईची छेड काढणारा, बायकोला मारझोड करणारा, तिला विनाकारण टाकून देणारा पुरुषही या मंडळांपुढे उभा केला जाई. गुन्हेगाराच्या तळपायावर काठ्या बसत, त्यावरूनच 'पत्री सरकार' हे नाव लोकांच्या तोंडी बसले. या चळवळीत दलितांना किती जागा होती हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे मुद्दा वेगळा आहे. बायकोला छळणाऱ्या नवऱ्याला शिक्षा करणाऱ्या या पुरुषांना आपल्या भागात पुरुषद्वेष्टे कोण म्हणते? कोणीच नाही. आपण त्यांना क्रांतिकारक म्हणतो, त्यांचे पुतळे उभारतो.

याच चळवळीतली आणखी एक घटना. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील यांनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक नाटक वठवले. सोबतचा कार्यकर्ता दारुड्या नवरा झाला, हौसाबाई मार खाणारी बायको झाल्या. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात बाकीच्या साथीदारांनी ठाण्यातल्या बंदुका लांबवल्या. हे नाटक खपले कशामुळे? नवऱ्याने भर रस्त्यात बायकोला बडवणे यात कोणालाच काही वेगळे वाटत नव्हते म्हणून. पोलिसांना संशय आला नाही, कारण असे दृश्य रोजचेच होते. आपण ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगतो, ती आहेच. पण तिच्या पोटातले हे सत्यही सांगितले पाहिजे.

आता चाळीस वर्षे पुढे या. १९८० च्या दशकात याच सांगली जिल्ह्यात नवऱ्याने टाकलेल्या बाया, म्हणजे परित्यक्ता, संघटित झाल्या. कासेगावच्या इंदुताई पाटणकर स्वतः प्रतिसरकारच्या चळवळीत वाढलेल्या. त्या, गेल ऑम्व्हेट आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीच्या कार्यकर्त्या या प्रश्नावर उभ्या राहिल्या. मागण्या काय होत्या? स्वतःच्या नावाचे रेशन कार्ड, राहायला जागा, पोटापुरता जमिनीचा तुकडा. यात पुरुषाचा द्वेष कुठे आहे? पण अशा बायांना, त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्यांना 'घरफोड्या' म्हणण्याची रीत आपल्या भागात आजही आहे.

फरक नीट पाहा. टाकलेल्या बाईच्या वतीने पुरुषाने नवऱ्याला फटके दिले तर तो न्याय. तीच बाई स्वतः उभी राहून रेशन कार्ड मागू लागली तर तो पुरुषद्वेष. म्हणजे आक्षेप कठोरपणाला नाही. आक्षेप आहे तो बाईने स्वतः बोलण्याला, दया न मागता हक्क मागण्याला. दलित माणसाला हा अनुभव नवा नाही. आपल्यावर कोणी उपकार केले तर तो समाजसुधारक. आपण हक्क मागितले तर आपण जातीयवादी. शब्द बदलला, डाव तोच आहे.

हा डाव किती जुना आहे? १८८१ मध्ये सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात बालकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली. पण वृत्तपत्रांनी या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतले. त्या बाईला दिवस गेले त्यात एक पुरुषही होता, त्याचा मात्र कोणी उल्लेख करीना. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून याला उत्तर दिले. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक होते. पुस्तकाचा मुद्दा साधा आहे : जे दुर्गुण तुम्ही बाईच्या माथी मारता, ते पुरुषात नाहीत काय? असतील तर शिक्षा एकटीलाच का? हा समान मापाचा आग्रह आहे. पुरुष जन्मतःच वाईट असतो असे त्यात नाही.

पुस्तकावर टीका झाली. दुःखाची गोष्ट अशी की ती सत्यशोधकांच्या वर्तुळातूनही झाली. ब्राह्मणशाहीवर तुटून पडणाऱ्या काही पुरुषांनाही घरातल्या सत्तेवर बोट ठेवलेले सोसले नाही. तेव्हा ताराबाईंच्या बाजूने कोण उभे राहिले? जोतीराव फुले. १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी आपल्याच सहकाऱ्यांना सुनावले. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातील कटगुण हे जोतीरावांचे मूळ गाव, खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीमाईंचे जन्मगाव. ही दोन्ही गावे आपल्याला अभिमानाने सांगता येतात. मग हा वादही सांगितला पाहिजे. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. त्यांचे पहिले पुस्तकही विस्मरणात गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. नव्वद वर्षांहून अधिक काळ एक आवाज गडप झाला. पुरुषद्वेषाच्या आरोपाची किंमत ही अशी मोजावी लागते.

जोतीराव एकटे नव्हते. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक बांधवांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. वस्तरा पुरुषाच्या हातात होता आणि पुरुषानेच तो खाली ठेवला. स्त्रीमुक्तीने आपल्या इतिहासात पुरुषाला शत्रू मानलेले नाही. तिने त्याला बाजू निवडायला सांगितले आहे.

बाबासाहेबांनी कोणती बाजू निवडली हे वेगळे सांगायला नको, पण त्यांचे शब्द किती धारदार होते हे आपण विसरतो. तासगावचा मोर्चा निघण्याच्या दीड महिना आधी, २० जुलै १९४२ रोजी, नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. तिथे बाबासाहेबांनी मुलींना बजावले की लग्नानंतर नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभ्या राहा, त्याची गुलाम होण्यास नकार द्या. त्या परिषदेत स्त्रियांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला विरोध केला. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या हे ऐंशी वर्षांपूर्वी बोलत होत्या. आज हेच एखादी मुलगी बोलली तर तिला 'शहरी स्त्रीवादी' म्हणून गप्प करणारे आपण कोण?

पुढे हिंदू कोड बिल आले. मुलीला वारसा, स्त्रीला घटस्फोट, एकपत्नीत्व. विरोधकांचा धोशा एकच होता : कुटुंब मोडेल, भाऊ-बहीण कोर्टात जातील. बिल मागे पडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. घर फोडण्याचा जो आरोप आज स्त्रीवादी बाईवर होतो, तो आधी आपल्या बापावर झालेला आहे. तो आरोप उचलून आपल्याच बहिणींवर फेकताना आपण कोणाच्या रांगेत उभे राहतो, याचा विचार व्हावा.

मग पुरुषाचा खरा शत्रू कोण? याचेही उत्तर बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात आहे. जात टिकते जातीअंतर्गत विवाहावर. तो टिकवायचा तर बाईवर पहारा हवा. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्या पहाऱ्याची हत्यारे. म्हणजे बाईवरचे नियंत्रण हा जातीचा पायाच आहे. तो पाया ढिला होऊ नये म्हणून आजही रक्त सांडते, आणि ते आपल्या मुलांचेही असते. १ जानेवारी २०१३ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील सोनई येथे तीन दलित तरुणांना ठार मारले गेले. २८ एप्रिल २०१४ रोजी त्याच जिल्ह्यातील खर्डा येथे १७ वर्षांच्या शाळकरी मुलाला संपवले गेले. दोन्ही ठिकाणी कारण सवर्ण मुलीशी असलेल्या संबंधाचे किंवा त्याच्या संशयाचे. ज्या व्यवस्थेला मुलीने कोणाशी बोलावे हे ठरवायचे असते, तीच व्यवस्था आपल्या पोरांचा जीव घेते. स्त्रीवाद ज्या पहाऱ्याविरुद्ध बोलतो, तो पहारा उठला असता तर ही मुले आज जिवंत असती.

जे मारेकरी होत नाहीत त्यांनाही ही व्यवस्था सुखाने जगू देत नाही. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळला १९ भ्रूण सापडले. आज द्राक्षबागा असलेल्या घरांतही लग्नाळू मुलांना मुली मिळेनात, आणि दोष दिला जातो 'मुलींच्या वाढलेल्या अपेक्षांना'. ज्या मुली जन्मूच दिल्या नाहीत त्यांचा हिशेब कोणी मांडायचा?

"पण कायद्याचा गैरवापर होतो ना?" हा शेवटचा आक्षेप. १९८३ मध्ये आलेले ४९८ अ, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८५. खोटी तक्रार कुठल्याही कायद्याखाली होऊ शकते आणि निरपराध माणसाला न्याय मिळालाच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण इथे एक योगायोग लक्षात ठेवा. २७ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी गैरवापर होतो म्हणून ४९८ अ च्या तक्रारी आधी कुटुंब कल्याण समितीकडे पाठवण्याचा आदेश दिला. आठ महिन्यांनी, २० मार्च २०१८ रोजी, त्याच दोन न्यायमूर्तींनी, त्याच गैरवापराच्या तर्काने, ॲट्रॉसिटी कायद्याला बांध घातला. ते प्रकरण आपल्या शेजारच्या कराडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातून गेलेले होते. २ एप्रिलला देशभर बंद झाला, आपण रस्त्यावर उतरलो, संसदेने कायदा दुरुस्त केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेच कुटुंब कल्याण समित्यांचा आदेशही मागे घेतला.

२०१७ मध्ये मात्र आपल्यापैकी किती जण बोलले? उलट त्या निकालाचे मेसेज आपल्याच ग्रुपवर आनंदाने फिरले. जो तर्क बायकांवर चालला म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, तोच आठ महिन्यांत आपल्या दारात आला. 'ॲट्रॉसिटीचा गैरवापर' हे शब्द ऐकून ज्याचे रक्त तापते, त्याने '४९८ चा गैरवापर' म्हणताना थोडे थांबावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

सवर्ण स्त्रीवादाने दलित स्त्रीचे दुःख बराच काळ नजरेआड केले, ही टीका खरी आहे. पण ती टीका दलित स्त्रियांनीच केली आहे आणि उत्तरही त्यांनीच उभे केले आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे १९८९ चे पुस्तक वाचा. दलित स्त्रियांनी सवर्ण स्त्रीवादाला जाब विचारला तो आणखी खोल समतेसाठी. तिचा आधार घेऊन घरातल्या बाईला गप्प बसवण्याचा परवाना पुरुषांना मिळत नाही.

म्हणून तरुण मित्रांनो, आरोपाला उत्तर वादात देऊ नका, व्यवहारात द्या. जयंती मंडळाच्या कार्यकारिणीत किती बाया आहेत ते मोजा. सातबाऱ्यावर, घराच्या उताऱ्यावर बहिणीचे नाव आहे का ते पाहा. वस्तीतली टाकलेली बाई रेशन कार्डासाठी तहसीलला जाईल तेव्हा तिच्यासोबत जा, आणि तिथे तिला स्वतःला बोलू द्या. ताराबाईंच्या वेळी जोतीरावांचे सहकारी चुकले, जोतीराव चुकले नाहीत. आपण कोणाचे वारस आहोत ते आपणच ठरवायचे आहे.

जय सावित्री! जयभीम!