देवनागरीची उंची आणि वेबपानाची मांडणी

वेबपानाच्या अक्षरमांडणीचे प्रचलित नियम बहुतांशी रोमन लिपी समोर ठेवून घडले. रोमन अक्षरे आडव्या रांगेत एकामागून एक बसतात; देवनागरीत अर्थाचा मोठा भाग उभ्या दिशेने रचला जातो. ‘मूर्तींची’ हा शब्द घ्या. ‘म’च्या पायाशी ऊकार, तर ‘त’च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार. म्हणून मराठी पान आखताना आधी फॉन्ट नव्हे, ओळीची उंची ठरवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

सीएसएसमध्ये ही उंची ‘लाइन-हाइट’ने ठरते. इंग्रजी मजकुराला अक्षराच्या आकाराच्या १.४ पट उंची पुष्कळदा पुरते. तेवढ्यात मराठी बसवली की वरच्या ओळीतल्या ‘मृत्यू’चा ऊकार खालच्या ओळीतल्या रफाराला भिडू लागतो. सलग वाचनासाठी १.६ ते १.८ पट उंची द्यावी. शीर्षकांना थोडी कमी चालते, पण इंग्रजीच्या सवयीने ती १.१ वर आणू नये. खरा धोका बटणे, मेनू आणि तक्ते यांत असतो. तिथे चौकटीची उंची पक्की बांधून बाहेर डोकावणारा भाग कापण्याची सूचना दिलेली असते आणि कात्री नेमकी वरच्या चिन्हांवर चालते. ‘त्यांचा अर्ज’मधला अनुस्वार कापला गेला की अर्ज ‘त्याचा’ होतो. अनेकवचन गेले, आदरही गेला. रोमन ‘आय’वरचे टिंब गळले तरी वाचक शब्द ओळखतो, इथे मात्र काही गळले आहे याची शंकाही येत नाही, कारण उरलेला शब्दही शुद्धच असतो.

शिरोरेखेचा प्रश्न सोपा आहे. अक्षरांमधले अंतर वाढवून शीर्षक ऐसपैस करण्याची रीत रोमन मोठ्या अक्षरांना शोभते. देवनागरीत त्याने रेघ तुटते आणि शब्द विखुरतो. हे अंतर वाढवूच नये. मोठ्या-लहान अक्षरांचा भेद आपल्या लिपीत नाही. तिरप्या वळणाचीही रुजलेली परंपरा नाही; फॉन्टमध्ये ते नसेल तर ब्राउझर उभे अक्षर नुसते कलते करतो. मग महत्त्वाचे वेगळे दाखवायला आकार, जाडी आणि मोकळी जागा एवढीच साधने उरतात. त्यांतही जाडीबाबत दक्षता हवी. फॉन्टची ठळक आवृत्ती पानाला जोडलेली नसेल तर ब्राउझर साध्याच अक्षराला कृत्रिम जाडी देतो, आणि ‘क्ष’, ‘ङ’, ‘ठ्ठ’ यांच्या पोकळ्या बुजतात.

ब्राउझरचा मूळ आकार सहसा १६ पिक्सेलचा असतो. वर-खाली चिन्हांसाठी जागा राखावी लागल्याने देवनागरीचे मधले अंग त्या आकारात बहुधा बारीक दिसते. मी १८ सुचवेन. ओळीच्या लांबीसाठी इंग्रजीत ४५ ते ७५ अक्षरांचा दंडक आहे, पण मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ असे लांब शब्द होतात. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर दोन्ही कडा जुळवल्या की अशा शब्दांभोवती भगदाडे पडतात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवणे उत्तम.

फॉन्ट निवडताना मराठी वळण पाहावे. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी रूपे हिंदी छपाईतल्या रूपांहून वेगळी आहेत. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट मराठीसाठीच घडवलेला आहे. इतर काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, पण एचटीएमएलमध्ये पानाची भाषा मराठी असल्याचे नोंदवले तरच मराठी वळण उमटते. अंध वाचकांसाठी मजकूर बोलून दाखवणारी प्रणालीही याच नोंदीवरून उच्चार निवडू शकते. शेवटची तपासणी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द शेजारी लिहून करावी. समुद्र आणि डोंगरातल्या खोलगट जागा यांतला फरक पडद्यावर दिसला नाही, तर तो फॉन्ट मराठी पानाला वापरू नये, मग तो इतर बाबतींत कितीही देखणा असो.